विश्लेषण : तरण तलावाचे पाणी सुरक्षित आहे, हे कोण ठरवते?

उन्हाळी सुट्टी लागली की महापालिकांच्या तरण तलावांवर पाससाठी रांगा लागतात आणि गृहसंकुलांतील तलाव मुलांनी भरून जातात. पाण्यात क्लोरीन किती असावा, एका बॅचमध्ये किती जणांना सोडावे, काठावर जीवरक्षक किती हवेत याचे जगभर मान्य झालेले निकष आहेत. पण भारतात ते पाळले जातात की नाही, हे पाहणारी एकच एक यंत्रणा नाही. तलावाची सुरक्षा त्यामुळे बरीचशी रोज सकाळी तिथे येणाऱ्या दोन-चार कर्मचाऱ्यांच्या हातात असते.

दादर आणि कासारवाडीत काय घडले होते?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेच्या दादर येथील महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावात मगरीचे पिल्लू आढळले. ते जेमतेम दोन फुटांचे होते. बातमी देशभर गाजली, समाजमाध्यमांवर विनोदही झाले. त्या गदारोळात एक तपशील मागे पडला. सभासदांना पाण्यात सोडण्यापूर्वी कर्मचारी पहाटे तलावाची पाहणी करत होते, म्हणून ते पिल्लू दिसले. पाहणी झाली नसती तर ते पहिल्या बॅचमधील एखाद्या पोहणाऱ्याला दिसले असते.

त्यानंतर आठवडाभरातच पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी येथील तलावात सकाळच्या वेळी क्लोरीन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्यांना खोकला, डोळ्यांची जळजळ आणि श्वास घेण्यास त्रास होऊ लागला. वीसच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत आणि पाण्याच्या पृष्ठभागावर साचतो. पोहणाऱ्याचे नाक नेमके तिथेच असते. अशा वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंच जागेकडे जायचे असते. हे सांगणारा फलक किती तलावांवर असेल, हा प्रश्नच आहे.

दोन्ही तलाव महापालिकांचेच. एका ठिकाणी रोजच्या कामाने संकट टळले, दुसरीकडे पाणी शुद्ध करणारे रसायनच संकट ठरले.

यासाठी देशात कायदा नाही का?

केवळ तरण तलावांसाठीचा केंद्रीय कायदा नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे, क्रीडाही तसाच. त्यामुळे कुठे महापालिकेचा परवाना लागतो, कुठे पोलिसांचा, तर कुठे बांधकाम आराखडा मंजूर झाला की पुढे कोणी फिरकतही नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेचे मानक आहे. त्याची सध्याची आवृत्ती १९९३ मधील आहे. मात्र परवान्याच्या किंवा निविदेच्या अटीत ते लिहिले गेले तरच त्याला धार येते. क्लोरीनच्या सिलिंडरना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांच्यावर नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेची देखरेख असते. थोडक्यात, सिलिंडरचा नियम एकाकडे, पाण्याचा दुसऱ्याकडे, विजेचा तिसऱ्याकडे.

दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तिथे अनेक वर्षे तरण तलावाचा परवाना दिल्ली पोलीस देत. करमणुकीच्या जागांसाठीच्या १९८० च्या नियमावलीखाली ही व्यवस्था होती. जून २०२५ मध्ये उपाहारगृहे, हॉटेल, सभागृहे यांच्यासह सात प्रकारच्या व्यवसायांचे परवाने पोलिसांकडून काढून घेण्यात आले, त्यात तरण तलावही होते. पाण्यातील क्लोरीन तपासणे हे पोलिसांचे काम नाही, हे खरेच. पण ते ज्यांच्याकडे गेले त्या स्थानिक संस्थांकडे त्यासाठी माणसे आहेत का, हा प्रश्न परवाना कोणी द्यावा यापेक्षा मोठा आहे.

स्वतंत्र कायदा नसणे एवढ्यानेच बिघडते असेही नाही. ब्रिटनमध्येही तरण तलावांसाठी वेगळा कायदा नाही. तिथे १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेचा सर्वसाधारण कायदाच लागू होतो. परंतु त्याखालील मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक तलावाकडे दोन लेखी कार्यपद्धती असणे अपेक्षित आहे. रोजचे काम कसे चालेल याची एक आणि आणीबाणीत कोण काय करेल याची दुसरी. अपघात झाला की तपास अधिकारी आधी ही कागदपत्रे मागतात.

पाण्यात क्लोरीन किती असावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये तरण तलावांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सार्वजनिक तलावात मुक्त क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम, म्हणजे १ पीपीएम असावा आणि तो ३ च्या वर जाऊ नये, असे त्यात सुचवले आहे. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा.

खरी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे. क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः तेच करते. पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो. ७.५ ला तो निम्म्यावर येतो, ८ ला जेमतेम एक चतुर्थांश उरतो आणि ८.५ ला दहा टक्क्यांच्याही खाली जातो. म्हणजे नोंदवहीत क्लोरीन १ पीपीएम लिहिलेला असेल, तो आकडा खराही असेल, पण पीएच चढलेला असेल तर ते पाणी जंतूंना फारसे घाबरवत नाही. आपल्याकडे बऱ्याच तलावांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी असते. त्यात ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट टाकले की पीएच आणखी वर जातो. तो खाली आणण्यासाठी आम्ल घालावे लागते. हेच आम्ल आणि हायपोक्लोराइट एका बादलीत किंवा बंद पंपामागच्या नळीत एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. सिलिंडर नसलेल्या तलावांतही वायूगळतीच्या घटना घडतात त्या अशा.

लागणारी मात्रा फार मोठी नसते. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावते. त्यातील क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला सुमारे ४७० ग्रॅम क्लोरीन पुरतो. ६५ टक्के क्षमतेची पावडर असेल तर पाऊण किलोच्या आत काम होते. अडचण टिकवण्याची आहे. उघड्या तलावातील क्लोरीन कडक उन्हात दोनेक तासांत बहुतांश उडून जाऊ शकतो. सकाळी सहाला टाकलेला डोस दुपारच्या महिला बॅचपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणूनच तलाव उघडण्यापूर्वी आणि त्यानंतर दर दोन तासांनी मोजणी करावी, असे ब्रिटनमधील तज्ज्ञ गट सांगतात. उन्हापासून क्लोरीन वाचवण्यासाठी सायन्युरिक आम्ल वापरतात, काही गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते. मात्र ते पाण्यात साठत जाते आणि क्लोरीनचा वेग कमी करते. ते वापरणाऱ्या तलावात मुक्त क्लोरीन किमान २ पीपीएम ठेवावा, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे म्हणणे आहे.

मोजण्याच्या साधनातही फरक असतो. पाणीपुरवठा विभागात वर्षानुवर्षे वापरात असलेल्या ऑर्थोटोलिडिन चाचणीत पाणी पिवळे होते. ती प्रामुख्याने एकूण क्लोरीन दाखवते. डीपीडी चाचणीत पाणी गुलाबी होते आणि मुक्त क्लोरीन वेगळा कळतो. पोहणाऱ्यांच्या दृष्टीने उपयोगाचा आकडा हा दुसरा.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी?

उलट. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. घाम, लघवी, अंगाला लावलेली तेले आणि क्रीम यांतील नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. नाकात जाणारा वास आणि डोळ्यांची लाली त्यांची असते. वास जितका उग्र, तितका पाण्यातला क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडलेला. पोहण्यापूर्वी शॉवर सक्तीचा करण्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे तो नियम फलकावर असतो आणि शॉवरचा नळ बंद असतो, ही गोष्ट वेगळी.

कोणते जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत?

१ पीपीएम क्लोरीन आणि योग्य पीएच असलेल्या पाण्यात ई-कोलाय जिवाणू मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ‘ए’च्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला ४५. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला मात्र दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. जुलाब झालेले एक मूल तलावात उतरले, तर पाणी चकचकीत दिसत असूनही पुढच्या अनेक बॅचना त्याचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी तलाव रिकामा करून क्लोरीन २० पीपीएमपर्यंत नेऊन तो पावणेतेरा तास तसाच ठेवावा, असे सीडीसी सांगते. म्हणजे तलाव किमान दिवसभर बंद. तलाव चालवणारे ते मनावर घेतील का, याचे उत्तर त्या दिवशी किती बॅचचे पैसे परत द्यावे लागतील यावर अवलंबून असते.

केरळमधील घटनांनंतर ‘मेंदू खाणारा अमिबा’ हा शब्द सर्वांना माहीत झाला. मे ते जुलै २०२४ या काळात तिथे अमिबाजन्य मेंदूज्वराने तीन मुलांचा मृत्यू झाला. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. ते पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर वाचणारे फारच थोडे. जुलै २०२४ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढे विहिरी, टाक्यांबरोबर तरण तलावांच्या क्लोरिनेशनवरही भर दिला. यातली दिलासा देणारी बाब अशी, की क्रिप्टोस्पोरिडियमप्रमाणे हा अमिबा चिवट नाही. क्लोरीन नीट राखलेल्या तलावात तो तग धरत नाही. धोका असतो तो क्लोरीन नसलेल्या फार्महाऊसच्या टाक्यांत आणि सुट्टीपुरत्या भरलेल्या हौदांत.

तळ दिसणे एवढे महत्त्वाचे का?

गढूळ पाणी पोटासाठी वाईट, एवढाच त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर शहरात जून २०११ मध्ये राज्य सरकारच्या सार्वजनिक तलावात एक महिला बुडाली. तिचा मृतदेह दोन दिवसांनी वर आला. दरम्यान तलाव सुरू होता, लोक पोहत होते, जीवरक्षक हजर होते, इतकेच नव्हे तर शहराचे आरोग्य निरीक्षकही येऊन गेले होते. खोल भागातले पाणी इतके धुरकट होते की कोणाला काही दिसले नाही. सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद ठेवावा, हा नियम अनेक देशांत अत्यंत कडकपणे पाळला जातो. तो समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

पाणी नितळ राहते ते फिल्टर सतत चालू ठेवल्याने आणि गर्दी आवरल्याने. सर्वसाधारण २५ मीटरच्या तलावातले सगळे पाणी तीनेक तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे, लहान मुलांच्या उथळ तलावातले तासाच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत दिले आहे. वीजबिल वाचवण्यासाठी दुपारी पंप बंद ठेवणे आणि संध्याकाळी तुरटी फिरवून गाळ खाली बसवणे हा त्यावरचा देशी तोडगा. त्याने पाणी तात्पुरते नितळ दिसते, एवढेच.

गर्दीचा हिशेबही त्याच पुस्तिकेत उदाहरणादाखल आहे. एक ते दीड मीटर खोलीच्या भागात माणशी २.७ चौरस मीटर आणि त्याहून खोल भागात माणशी ४ चौरस मीटर जागा. वर सांगितलेल्या तलावाचा निम्मा भाग उथळ आणि निम्मा खोल धरला, तर एका वेळी सुमारे ९७ जण होतात. शिवाय दर माणशी ३० लिटर ताजे पाणी घालावे, म्हणजे एका भरलेल्या बॅचमागे जवळपास तीन हजार लिटर. पाणीकपातीच्या दिवसांत हा आकडा कोणत्याही महापालिकेला जड वाटेल, पण मग बॅचची संख्या कमी करणे एवढाच मार्ग उरतो.

जीवरक्षक असूनही लोक का बुडतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. त्यातले बहुतांश नद्या, विहिरी, तळी यांत. तरण तलावांचा वाटा लहान आहे, पण तिथे सुरक्षेसाठी पैसे घेतलेले असतात आणि माणसे नेमलेली असतात, म्हणून तिथला प्रत्येक मृत्यू वेगळा मोजावा लागतो.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, आवाज कुठून निघणार? ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते. म्हणून प्रशिक्षित जीवरक्षकांना ‘१०-२०’चा निकष शिकवतात. आपल्या हद्दीतले पाणी इतके सतत न्याहाळायचे की दहा सेकंदांत संकट ओळखता यावे आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोहोचता यावे. त्यामुळे नुसते ‘दोन जीवरक्षक आहेत’ म्हणून भागत नाही. त्यांच्या नजरेच्या टापूत पूर्ण तलाव येतो का, उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत येते का, त्यांना ठराविक वेळाने बदली मिळते का, हे पाहावे लागते. जो जीवरक्षक त्याच वेळी नवशिक्यांना शिकवतो, पास तपासतो आणि शिट्टी वाजवून बॅच बाहेर काढतो, तो तेवढा वेळ पाण्याकडे पाहत नसतो. ठेक्यावर चालणाऱ्या तलावांत पगार वाचतो तो बहुधा इथेच.

बाहेर काढल्यावरची मिनिटे तितकीच मोलाची. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. हृदयविकाराच्या झटक्यात केवळ छाती दाबण्याचा सल्ला सामान्य माणसाला दिला जातो, बुडालेल्याच्या बाबतीत मात्र तोंडाने श्वास देणेही आवश्यक मानले जाते. पोट दाबून पाणी काढणे किंवा उलटे धरणे यात मोलाचा वेळ जातो. १०८ ला फोन एकाने करायचा, उपचार दुसऱ्याने सुरू करायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

पाण्याखालची जाळी आणि दिवे यांचे काय?

तळाशी पाणी खेचणारे छिद्र एकच असेल आणि त्यावरची जाळी सपाट किंवा तुटलेली असेल, तर त्या ओढीत केस, हात किंवा अंग अडकू शकते. मोठ्या माणसालाही ते सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीचा असा मृत्यू झाला. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या आईच्या पाठपुराव्यातून २००७ मध्ये संघीय कायदा झाला आणि डिसेंबर २००८ पासून सार्वजनिक तलावांत अडकण्यास प्रतिबंध करणाऱ्या जाळ्या बंधनकारक झाल्या. जाळी तुटली असल्यास तलाव बंद, एवढा तो नियम सरळ आहे. आपल्याकडे अशी सर्वत्र लागू होणारी सक्ती नाही.

विजेचा निकष त्याहून कडक आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तलावाच्या पाण्यातील उपकरणांना १२ व्होल्टपर्यंतचाच प्रवाह द्यायचा असतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर ठेवायचा असतो. बंगळूरुच्या वर्तूर भागातील एका गृहसंकुलात डिसेंबर २०२३ मध्ये तलावाशी एका मुलीचा मृत्यू झाला. सुरुवातीला ती बुडाली असे वाटले होते. तपासात विजेचा धक्का हे कारण पुढे आले आणि दोन महिन्यांत पदाधिकाऱ्यांसह सात जणांना अटक झाली.

गृहसंकुल आणि रिसॉर्टमध्ये जबाबदार कोण?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळूरुजवळ एका रिसॉर्टच्या तलावात मैसूरूहून आलेल्या तीन तरुणी बुडाल्या. एक खोल भागात गेली, तिला वाचवायला दुसरी आणि मग तिसरी. जीवरक्षक नव्हता. सीसीटीव्हीत सगळे चित्रित झाले, पण त्या वेळी ते पाहणारे कोणी नव्हते. रिसॉर्टचा व्यवसाय परवाना निलंबित झाला आणि मालकाला अटक झाली.

निष्काळजीपणामुळे मृत्यू हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. पूर्वीच्या कलम ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, ती आता पाच वर्षांपर्यंत आहे. शुल्क घेऊन चालवलेला तलाव ही सेवा असल्याने ग्राहक आयोगातही दाद मागता येते. सोसायट्यांची गोची वेगळी आहे. तलाव बिल्डरने दिलेला, देखभाल एजन्सीकडे, पंप कोणा इलेक्ट्रिशियनकडे आणि जीवरक्षकाचे काम सुरक्षारक्षकाकडे. ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ अशी पाटी लावली की आपण सुटलो, असा अनेक कार्यकारिणींचा समज असतो. बंगळूरुच्या प्रकरणात अटक झालेल्यांत एजन्सीच्या माणसांबरोबर सोसायटीचे पदाधिकारीही होते.

पास काढण्यापूर्वी काय पाहावे?

काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातील जाळी दिसते का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. खोलीचे आकडे काठावर आणि भिंतीवर लिहिलेले असावेत, उथळ भाग कुठे संपतो ते दोरीने किंवा रंगीत पट्ट्याने कळावे. जीवरक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि कोणत्या वर्षाचे, हे विचारायला संकोच करू नये. रसायनांची खोली कपडे बदलण्याच्या खोलीला लागून असेल किंवा आम्ल आणि हायपोक्लोराइटचे कॅन शेजारी-शेजारी ठेवलेले दिसले, तर तक्रार लेखी द्यावी. महापालिकेच्या तलावाचे पाणी तपासणी अहवाल आणि ठेकेदाराशी झालेल्या कराराच्या अटी माहिती अधिकारात मागता येतात.

त्यातही नोंदवही पाहायला मागावी. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, पोहणाऱ्यांची संख्या आणि सही. दर दिवशी, दर वेळेला तोच आकडा, तेच पेन आणि तेच अक्षर असेल, तर ती वही महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेली असण्याची शक्यता जास्त. खऱ्या नोंदी वर-खाली होतात. रविवारी गर्दी वाढली की क्लोरीन घसरलेला दिसतो, उन्हाच्या दिवशी दुपारचा आकडा सकाळपेक्षा कमी असतो आणि एखाद्या दिवशी ‘तलाव बंद’ असा शेराही असतो.